काजवे किती मिनिटं चमकले?

सिन्नरच्या एका आईनं विचारलंय: 'माझी मुलगी १९ वर्षांची आहे, नाशिकला होस्टेलवर राहून शिकते. दीड वर्षात चार-पाच वेळा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, अर्धं दिसेनासं झालं, मग डोकं ठणकलं आणि उलट्या झाल्या. दोन महिन्यांपूर्वी कॉलेजात फीच्या रांगेत उभी असताना ती पडली, हातपाय झटकले. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला, त्यात दोष आला. फिटची गोळी सुरू झाली, व्हॅलप्रोएट. आता घरात सगळे "पोरीला फिट येतात" असंच बोलतात. हे खरंच फिट आहे का?'

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. तुम्ही लिहिलंय त्यावरून डोळ्यांपुढचे काजवे अर्धशिशीचे वाटतात. रांगेतलं पडणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बहुधा साधी भोवळ असावी. पण 'बहुधा' आणि 'नक्की' यांच्यामध्ये काही प्रश्न शिल्लक आहेत, ते मी पुढे विचारणार आहे. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो: हे वाचून गोळी बंद करू नका. फिटची गोळी एकदम थांबवली आणि आजार खरोखर फिटचाच निघाला, तर एकामागून एक झटके येऊ शकतात. गोळी कमी करायची असेल तर ती पायरीपायरीनं, डॉक्टरांच्या नजरेखाली.

नाशिकमध्ये पंचवीसेक वर्षं मेंदूविकारांची ओपीडी करतो आहे. 'डॉक्टर, डोळ्यांपुढे काजवे चमकतात' हे वाक्य दर आठवड्याला कानावर येतं. उन्हातून आलेल्या, दिवसभर उपाशी असलेल्या बाईचे काजवे वेगळे. डोळ्याचा पडदा सुटायला लागलेल्या आजोबांचे वेगळे. अर्धशिशीचे वेगळे आणि फिटचे वेगळे. आपल्या भाषेनं सगळ्यांना मिळून एकच शब्द दिलाय, त्यामुळे माझं निम्मं काम त्या एका शब्दाची उकल करण्यात जातं. पहिला प्रश्न कायम तोच: किती वेळ? उत्तर येतं, 'थोडा वेळ.' थोडा म्हणजे? 'थोडाच की हो.' मग मी विचारतो, गॅसवर चहाचं आधण ठेवलं असतं, तर तेवढ्या वेळात चहा उकळून, गाळून, पिऊन झाला असता का? का नुसता गॅस पेटेपर्यंत सगळं आटोपलं? या प्रश्नावर माणूस थांबतो, आठवतो, आणि बरेचदा माझं निदान तिथंच अर्ध्यावर येतं.

डोकं दुखायच्या आधी दिसणाऱ्या या खेळाला आम्ही ऑरा म्हणतो. अर्धशिशीचा ऑरा चढतो तो सावकाश. पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ तो पसरत राहतो आणि एकूण पाच ते साठ मिनिटं टिकतो. बहुतेकांचा वीस-तीस मिनिटांत ओसरतो. फिट जर मेंदूच्या मागच्या भागातून, म्हणजे जिथं दृष्टीचं केंद्र आहे तिथून उठत असेल, तर तिचे ठिपके काही सेकंदांत उमटतात आणि दोन-तीन मिनिटांच्या आत एकतर विझतात, नाहीतर पुढच्या मोठ्या फिटमध्ये मिसळून जातात. चहाचा हिशेब लावायचा तर ऑरात चहा पिऊन होतो, फिटमध्ये आधणाला बुडबुडेही येत नाहीत.

असं का होतं, त्यामागे एक सुरेख गोष्ट आहे. १८७० साली ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरानं स्वतःच्या ऑराची चित्रं काढली. नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका, मग त्याभोवती किल्ल्याच्या तटासारखी कोनाकोनांची चकाकती रेघ, आणि ती रेघ मोठी होत होत कडेला सरकते. १९४१ मध्ये कार्ल लॅश्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्याच ऑराच्या नोंदी ठेवून हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून जे काही सरकतंय त्याचा वेग मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर असणार. त्यानंतर १९४४ मध्ये ब्राझीलचे अरिस्टिडीस लेआँव हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर प्रयोग करत होते. त्यांना अभ्यास करायचा होता फिटचा. हाती लागली भलतीच गोष्ट: पेशींना क्षणभर चेतवून मग काही मिनिटं गप्प पाडणारी एक लाट, आणि तिचा वेगही जवळपास तेवढाच, मिनिटाला काही मिलिमीटर. हे दोन्ही आकडे जुळतात हे पुढच्या लोकांच्या लक्षात आलं. म्हणजे फिट शोधायला निघालेल्या माणसाला अर्धशिशीचं गुपित सापडलं. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगायची संधी मी सोडत नाही.

नाशिककरांना ती लाट समजावून सांगणं सोपं आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण पूर कशावर मोजतो? गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. ऑरा तसा चढतो, माणसाला तो चढताना दिसतो. लाटेच्या पुढच्या कडेला पेशी चेततात म्हणून तिथं चकाकणारी रेघ. मागे पेशी गप्प पडलेल्या म्हणून तिथं काहीच दिसत नाही. तुमची मुलगी म्हणते 'अर्धं दिसेनासं झालं', ते हेच. फिट म्हणजे पूर नव्हे, डीपीवर उडालेली ठिणगी. ती एका पेशीकडून दुसरीकडे जायला मिनिटं घेत नाही.

आता आकार आणि रंग. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले होते. छाटणीचे दिवस, रात्रीची वीज म्हणून रात्री पाणी भरायचं, झोप नाही. मोबाईलवर मेसेज वाचताना मधली अक्षरं गायब झाली आणि मग, त्यांच्याच शब्दांत, 'मांडवाच्या तारांवर सकाळचं ऊन चकाकावं तशी रेघ, पण वाकडीतिकडी, करवतीच्या दात्यांसारखी, आणि थरथरणारी.' उजव्या बाजूला सुरू झाली, वीस मिनिटांत कडेला जाऊन नाहीशी झाली. बहुतेक चंदेरी, पांढरी-काळी. इतकं नेमकं वर्णन केलं की कोणत्याही यंत्राआधी मला उत्तर मिळालं होतं. त्यांना वाटत होतं मेंदूत गाठ झाली. घरी मृत्युपत्राची चर्चा सुरू होती!

फिटचं चित्र निराळं असतं. लंडनमध्ये काम केलेले ग्रीक डॉक्टर पानायोटोपुलोस यांनी नव्वदच्या दशकात दोन्ही आजारांच्या रुग्णांची वर्णनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. फिटमध्ये मुख्यतः गोल आकार, रंगीत: लाल, पिवळे, निळे, हिरवे ठिपके किंवा चेंडू. ते एका बाजूला उमटतात, वाढतात, कधी आडवे सरकतात, आणि बरेचदा दर वेळी त्याच बाजूला येतात. अर्धशिशीत एकदा डावीकडे, पुढच्या खेपेला उजवीकडे असं होऊ शकतं. शिवाय असे फिटचे ठिपके आठवड्यात अनेकदा, काहींना दिवसातून अनेकदा दिसतात, तर ऑरा बहुतेकांना महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षानं.

ऑरामध्ये माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला बोलायला शब्द सुचत नाहीत असं होऊ शकतं, बोटांपासून मुंग्या सुरू होऊन मनगट, कोपर करत गालापर्यंत चढतात, पण हेही मिनिटांच्या चालीनं. फिटमध्ये ठिपक्यांपाठोपाठ डोळे किंवा मान एका बाजूला ओढली जाते, पापण्या फडफडतात, माणूस मध्येच हरवतो आणि नंतर त्याला तेवढा तुकडा आठवत नाही. म्हणून मी नुसतं रुग्णाला विचारत नाही, समोर बसलेल्यालाही विचारतो: 'तेव्हा हाक मारली तर ओ देत होती का?'

हे नियम चार भिंतींइतके पक्के नाहीत. पाच मिनिटांच्या आतले ऑरा असतात, लांबलेल्या फिट असतात. पण वेळ, आकार, रंग, बाजू आणि शुद्ध या पाचही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर मी त्यावर विश्वास ठेवतो.

फसगत दोन्ही बाजूंनी होते, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल की डॉक्टर सगळ्याच फिटना अर्धशिशी म्हणून मोकळे होतात. अकरा वर्षांचा एक मुलगा आठवतो. वर्गात मध्येच डावीकडे बघत बसायचा. बाई म्हणायच्या, लक्ष नाही. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. डोकं दुखायचं, उलटी व्हायची, म्हणून अर्धशिशीची गोळीही चालू होती. मी त्याला स्केचपेनचा बॉक्स दिला. त्यानं पानाच्या डाव्या कडेला लाल-हिरव्या गोट्या काढल्या, एकापुढे एक. 'किती वेळ?' 'बाई एक नाव पुकारतात तेवढा.' आईला बाळंतपणाचं विचारलं, तर जन्मल्यावर दोन दिवस बाळानं नीट दूध ओढलं नव्हतं, साखर खूप उतरली होती, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्हीकडे जुने व्रण. नवजात बाळाची साखर उतरल्यानं नेमका हाच भाग दुखावतो, आणि आपल्याकडे मुलांमधल्या अशा फिटचं हे एक नेहमीचं कारण आहे. फिटची योग्य गोळी सुरू केल्यावर गोट्या थांबल्या आणि डोकेदुखीही थांबली.

डोकेदुखी थांबली, यात आश्चर्य नाही. अशी फिट येऊन गेल्यावर निम्म्याहून अधिक जणांचं डोकं दुखतं, आणि ते दुखणं अगदी अर्धशिशीसारखं असू शकतं: ठणका, मळमळ, उजेड नको. म्हणून 'आधी काजवे, मग डोकेदुखी, म्हणजे अर्धशिशी' हा सरळ हिशेब चुकतो. काजव्यांचा वेळ विचारल्याशिवाय डोकेदुखीला साक्षीदार म्हणून उभं करू नये. आणखी एक प्रकार लहान मुलांत, साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात दिसतो. मूल रात्री झोपेतून उठतं, पांढरंफटक पडतं, उलट्या करतं, डोळे एका बाजूला जातात आणि हे पाच-दहा मिनिटंच नव्हे तर अर्धा तासही चालतं. घरचे म्हणतात पित्त झालं, डॉक्टर म्हणतात अर्धशिशी, आणि असते ती फिट. इथं माझं चहाचं माप कामाचं नाही, एवढं लक्षात असू द्या. सुदैवानं हा प्रकार बहुतेक मुलांचा वय वाढेल तसा आपोआप जातो.

आता तुमच्या हातातल्या कागदाकडे वळतो, कारण मला वाटतं सगळं गाडं तिथंच अडलंय. ईईजीचा अहवाल तुम्ही लिहून पाठवला आहे: झोपेतल्या नोंदीत दोन्ही बाजूंना मागच्या भागात 'शार्प ट्रान्झिअंट्स', म्हणजे क्षणिक टोकदार लहरी. ताई, तरुण माणसाला ईईजी काढताना डुलकी लागली की मेंदूच्या मागच्या भागात टोकदार लहरी येणं ही अगदी नैसर्गिक गोष्ट आहे. त्या लहरींना आमच्या पुस्तकात वेगळं नावच आहे, आणि त्या दिसणं म्हणजे झोप लागली एवढाच त्याचा अर्थ. पण घाईत वाचणाऱ्याला त्या फिटच्या टोकांसारख्या दिसतात. तुमच्या मुलीच्या त्या लहरी नैसर्गिक होत्या की नाही हे मी अहवालाच्या एका ओळीवरून सांगू शकत नाही, मूळ नोंद पाहावी लागेल. ती सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, मिळते.

ईईजीबद्दल लोकांच्या मनात ईसीजीसारखी, किंवा साखरेच्या तपासणीसारखी कल्पना असते: रेषेच्या वर गेलं की आजार. तसं ते नाही. ज्यांना खरोखर फिटचा आजार आहे अशा साधारण निम्म्या लोकांचा पहिला ईईजी साफ येतो. उलट कधीच फिट न आलेल्या काही मुलांच्या ईईजीत फिटसारखी टोकं सापडतात. अर्धशिशीवाल्यांच्या मेंदूत तर चमकत्या दिव्याला मिळणारा प्रतिसाद जरा मोठाच असतो, तोही कधी 'अबनॉर्मल' म्हणून लिहिला जातो. म्हणूनच नुसत्या डोकेदुखीसाठी ईईजी काढू नये, असं आमच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. काढला की काहीतरी लिहून येतं आणि मग त्या लिहिलेल्यावर गोळी सुरू होते. मी स्वतः उमेदीच्या काळात असा एक अहवाल डोळे झाकून मानला होता आणि एका शिक्षिकेला चार वर्षं नको ती गोळी दिली. नंतर तिला कधीतरी ऑराचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा माझी चूक मला दिसली.

रांगेतलं पडणं. इथं मला सगळ्यात जास्त माहिती हवी आहे आणि तुमच्याकडे सगळ्यात कमी आहे, कारण तुम्ही तिथं नव्हता. उभी होती, किती वेळ? सकाळी काही खाल्लं होतं का? पाळी चालू होती का? पडायच्या आधी गरगरलं, घाम फुटला, कानात दडे बसल्यासारखं झालं, आवाज लांबून येऊ लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, असं काही तिला आठवतं का? चेहरा पांढरा पडला होता की काळानिळा? लुळी होऊन घसरली की लाकडासारखी ताठ होऊन आपटली? शुद्ध आली तेव्हा लगेच 'मी कुठं आहे, काय झालं' असं नीट बोलली, की अर्धा तास गोंधळलेली, झोपाळलेली होती? जीभ कडेला चावली होती का?

घरचे सगळे 'हातपाय झटकले' यावर अडून बसतात. हातपाय झटकले म्हणजे फिट, ही समजूत डॉक्टरांमध्येही पक्की आहे. १९९४ साली जर्मनीत ४२ निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून त्याचं चित्रीकरण केलं गेलं. त्यातल्या ९० टक्के लोकांच्या हातापायांना झटके बसले, आणि बऱ्याच जणांचे डोळे उघडेच होते. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद कमी पडला की असं होतं. फक्त हे झटके थोडे, विस्कळीत आणि काही सेकंदांचे असतात. माणूस आडवा पडला की रक्त डोक्याकडे येतं आणि तो शुद्धीवर येतो. घाबरून त्याला उठवून बसवलं की झटके लांबतात, हा आपल्या लोकांचा हमखास उद्योग. फिटमध्ये आधी ताठरता, मग तालात, जोरात झटके, मिनिटभर किंवा जास्त, आणि नंतर बराच वेळ गुंगी. लघवी होणं दोन्हींत घडतं, त्यावरून काही ठरत नाही. आणि अर्धशिशीच्या लोकांना भोवळ येण्याची प्रवृत्ती इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच मुलीत दिसल्या तर मला नवल वाटत नाही. ईसीजी मात्र एकदा काढून घ्याच. हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडानं येणारी भोवळ दुर्मीळ आहे, पण ती चुकवून चालत नाही. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगा.

ऑरातूनच थेट फिट येते का? येते, पण फार क्वचित. ऑरा चालू असताना किंवा त्यानंतर तासाभरात फिट आली तरच आम्ही ते नाव देतो, आणि पूर्वी तसे म्हणून नोंदवलेले बरेच रुग्ण नंतर सरळ फिटचेच निघाले. तुमच्या मुलीला पडायच्या आधी काजवे दिसले होते का, आणि दिसले असतील तर किती मिनिटं, हे तिला शांतपणे विचारा.

'पण गोळी लागल्यापासून तिचं डोकं दुखलं नाही, म्हणजे फिटच असणार,' असं तुमच्या दिरांचं म्हणणं आहे. व्हॅलप्रोएट फिटवर चालतं आणि अर्धशिशी रोखायलाही वापरलं जातं. टोपिरामेट या गोळीचंही तसंच. दोन कुलपांना लागणारी किल्ली आहे ती, दार उघडलं यावरून कुलूप कोणतं होतं ते कळत नाही. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. १९ वर्षांच्या मुलीला व्हॅलप्रोएट देताना हात थांबायला हवा. गरोदरपणात ही गोळी चालू राहिली तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीवर, बोलण्यावर परिणाम दिसतो. शिवाय वजन वाढणं, केस गळणं, पाळीच्या तक्रारी. फिटचं निदान पक्कं झालं तरी तिच्यासाठी आधी दुसऱ्या गोळ्यांचा विचार व्हायला हवा, आणि अर्धशिशी असेल तर हिची गरजच नाही. पुढच्या भेटीत हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा, संकोच करू नका.

गोळ्यांचाच विषय निघाला म्हणून एक: पाळी नियमित करायला किंवा चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी तिला कुणी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आहेत का? ऑरा असलेल्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळायच्या असतात, त्यानं पक्षाघाताचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना 'मला ऑरा आहे' हे तिनं स्वतःहून सांगायचं. धूम्रपान आणि मिश्रीही नको.

एमआरआय करावा का? ऑरा नमुनेदार असेल, बाजू बदलत असेल आणि तपासणीत दोष नसेल तर मी सहसा करत नाही. तुमच्या मुलीबाबत पडण्याची घटना आहे आणि गोळी आधीच सुरू झालीय, म्हणून एकदा करून घेतला तर मी अडवणार नाही. फिटसाठी जसा बारकाईनं करतात तसा करायला सांगा. आपल्याकडे टेपवर्मच्या अंड्यांमुळे झालेली मेंदूतली गाठ किंवा तिचा वाळलेला चुन्याचा ठिपका हे फिटचं मोठं कारण आहे, आणि रक्तवाहिन्यांचं गुंतवळ मागच्या भागात असेल तर ते हुबेहूब ऑरासारखं चित्र उभं करतं. काजवे कायम एकाच बाजूला येत असतील तर मग एमआरआय टाळू नये.

तुमच्या घरातल्या मोठ्यांसाठी चार शब्द, कारण हे वाचून सासरे म्हणतील मलाही काजवे दिसतात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं काही दिसू लागलं तर अर्धशिशी म्हणून सोडून देऊ नका. एकाच डोळ्यात विजा चमकतात, काळे ठिपके तरंगतात, पडदा उतरल्यासारखं वाटतं: त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. एकदम, क्षणात दिसेनासं झालं, काही चकाकलंच नाही: रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो, थेट मोठ्या दवाखान्यात. आणि मधुमेह असलेल्या माणसाला रंगीत झगमग दिसून मान एका बाजूला ओढली जात असेल तर आधी साखर मोजा. साखर खूप चढली की मेंदूच्या मागच्या भागातून फिट उठतात, आणि त्या फिटच्या गोळीपेक्षा इन्सुलिनला जास्त ऐकतात.

अर्धशिशीच्या उपचारांवर थोडंच लिहितो. ऑरा दिसू लागला की वाहन थांबवायचं, पाणी प्यायचं, शक्य तर अंधाऱ्या खोलीत पडायचं. डोकं दुखायला लागताच वेदनाशामक पुरेशा मात्रेत, उलटीच्या गोळीसोबत. 'बघू, वाढलं तर घेऊ' असं करत दोन तास काढले की मग काही लागू पडत नाही. ट्रिप्टान गटाची, म्हणजे खास अर्धशिशीच्या डोकेदुखीवरची, गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती ऑरात नव्हे, डोकेदुखी सुरू झाल्यावर. महिन्यात दहाहून जास्त दिवस गोळ्या लागत असतील तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं, तेव्हा रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार. होस्टेलच्या मुलींमध्ये मी तीन गोष्टी हमखास पाहतो: नाश्ता बुडवणं, रात्री दोनपर्यंत मोबाईल, आणि उपास. मार्गशीर्षातले गुरुवार आणि परीक्षा एकत्र आल्या की माझी ओपीडी भरते. उपास मोडा असं मी म्हणत नाही, पण निर्जळी नको आणि पोट रिकामं नको, हे तिला तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल.

पुन्हा पडली तर काय करायचं, ते तिच्या खोलीतल्या मुलींना शिकवून ठेवा. कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचे कपडे सैल करायचे, डोक्याखाली ओढणीची घडी, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. चप्पल नाही, कांदाही नाही; लासलगाव शेजारी असलं म्हणून काय झालं. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८ ला फोन. आणि एका मुलीनं मोबाईलवर चित्रीकरण करायचं. लाज वाटते, मला माहीत आहे, पण वीस सेकंदांचा तो व्हिडिओ तीन ईईजींपेक्षा मला जास्त सांगतो. निदान पक्कं होईपर्यंत तिनं स्कूटी चालवू नये, आणि गोदावरीत किंवा विहिरीत एकटीनं पोहायला उतरू नये.

तुमच्या पत्राच्या शेवटी, कंसात, लग्नाचं विचारलंय. ते कंसात लिहिलंत यावरून झोप त्यानंच उडालीय हे कळतं. समजा फिटच निघाली, तरी हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार ही लग्नातली अडचण मानली जात होती ती १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकली आहे. आणि फिटचे बहुसंख्य रुग्ण गोळ्यांवर व्यवस्थित राहतात, नोकरी करतात, त्यांना मुलंबाळं होतात. अर्धशिशी म्हणाल तर साधारण सात माणसांत एकाला आहे. तुमच्या नात्यात मोजायला बसलात तर दोन-तीन बायका सापडतील, बहुधा तुमच्या स्वतःच्या आईपासून सुरुवात होईल. तेही मला सांगा, कारण अर्धशिशी घराण्यात चालते.

येताना ईईजीची मूळ नोंद आणा, गोळ्यांची चिठ्ठी आणा. मुलीला सांगा, पुढच्या खेपेला काजवे सुरू झाले की मोबाईलवर वेळ लावायची आणि वहीच्या पानावर मध्ये एक फुली मारून, तिच्याकडे बघत, दर पाच मिनिटांनी काय दिसतंय ते काढायचं. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना तेच दिसलं तर गडबड डोळ्यात नाही, मेंदूत आहे. रंग दिसले तर स्केचपेन वापरायचं. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. आणि फीच्या रांगेत तिच्या मागं जी मैत्रीण उभी होती, तिला सोबत घेऊन या. तिचा एक तास बुडेल, पण मला तिच्याशी बोलायचं आहे.